‘वॉटरवर्ल्ड’ चित्रपटातली सगळ्यात मोठी चूक कोणती? एव्हरेस्टवरचं जंगल?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्राने ‘वॉटरवर्ल्ड’मधल्या चुकांची यादी केली आहे आणि त्यात पहिल्या नंबरवर शेवटचा प्रसंग आहे: एव्हरेस्टच्या माथ्यावर ना हवा, ना ऊब, मग तिथे झाडी, धबधबे आणि घोडे कसे? उत्तरात शेवट फुटणार आहे, तेव्हा चित्रपट पाहायचा असेल तर इथेच थांबा.

माझं मत सांगतो. एव्हरेस्टवरचं जंगल पहिल्या नंबरवर तर नाहीच, पण त्यातली निम्मी तक्रार मुळात चुकीची आहे. खरी मोठी चूक पहिल्याच प्रसंगात आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९५चा चित्रपट, दिग्दर्शक केव्हिन रेनॉल्ड्स, नायक केव्हिन कॉस्टनर. खर्च साधारण साडेसतरा कोटी डॉलर, म्हणजे तोवरचा सगळ्यात महागडा. ध्रुवांवरचा बर्फ वितळून सगळी पृथ्वी पाण्याखाली गेली आहे, माणसं लोखंडाच्या तरंगत्या गावांत राहतात. नायकाच्या कानांमागे माशासारखे कल्ले आहेत. एका लहान मुलीच्या पाठीवर कोरड्या जमिनीचा नकाशा गोंदलेला आहे आणि तो मिळवायला ‘स्मोकर्स’ नावाची टोळी मागे लागली आहे.

आता बर्फाचं गणित. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल. किनाऱ्यावरची शहरं जातील, देशांचे नकाशे बदलतील, पण पठारं आणि डोंगर जागच्या जागी राहतील. एव्हरेस्टपर्यंत पाणी न्यायचं तर आजच्या सगळ्या महासागरांत आहे त्याच्या तिपटीहून जास्त पाणी वरून ओतावं लागेल. बर्फातून त्याचा शंभरावा हिस्साही निघत नाही.

पण मी याला चूक म्हणत नाही. ही चित्रपटाची थाप आहे, आणि अशा चित्रपटाला एक थाप माफ असते. ती मान्य केल्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही. चूक शोधायची ती त्यापुढे: एवढं पाणी आलंच असं धरलं, तर बाकीचं जग कसं दिसेल आणि चित्रपटाने ते तसं दाखवलंय का? या चाळणीतून तुमच्या मित्राची यादी काढली की क्रम पार बदलतो.

एव्हरेस्टचंच घ्या. आज तिथे हवा विरळ आहे ती त्याच्या आणि समुद्रपातळीच्या मधल्या जवळजवळ नऊ किलोमीटर उंचीमुळे. वातावरण पृष्ठभागावर बसलेलं असतं. पाणी साडेआठ किलोमीटर वर आलं की हवाही तितकीच वर उचलली जाते. माथ्यावरचा दाब मग आज समुद्रकाठी असतो जवळपास तेवढाच होईल. ठिकाण २८ अंश उत्तरेला, म्हणजे थंडीचाही फारसा प्रश्न नाही. तेव्हा हिरवळ दिसते यात गैर काही नाही.

गैर आहे ते आकारात. के-टू हे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर, उंची ८,६११ मीटर. तेही बुडालं असेल, तर ८,८४९ मीटरच्या एव्हरेस्टचा फार तर २३८ मीटरचा शेंडा पाण्याबाहेर उरतो. तोही उभ्या चढाचा चुनखडीचा सुळका. (हा चुनखडक मुळात समुद्राच्या तळाशीच तयार झालेला आहे, म्हणजे माथ्याला पाणी नवीन नाही.) त्यावर धबधबे वाहायला लागेल एवढं पाणलोट क्षेत्र कुठून आणणार? घोड्यांना कुरण कुठलं? आणि जंगल धरेल इतकी माती उघड्या खडकावर साठायला काही शतकं कमीच पडतात. मित्राने हवेऐवजी हे विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

आता माझी आवडती चूक. चित्रपट उघडतो तेव्हा नायक होडीवर एकटा आहे. तो भांड्यात लघवी करतो, ती एका जुनाट यंत्रातून गाळतो, आलेलं पाणी पितो आणि शेवटची चूळ लिंबाच्या रोपावर टाकतो. दोन मिनिटांत आख्खं जग उभं राहतं. पटकथा म्हणून फर्मास प्रसंग आहे. लोक विचारतात, सगळीकडे पाणी असताना यंत्रात समुद्राचंच पाणी का नाही घालत? त्यावर चित्रपटाचा बचाव करता येतो. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असतं आणि लघवीत त्याहून बरंच कमी. साध्या यंत्राला लघवी गाळणं सोपं जाईल.

हा बचाव आपल्या समुद्राला लागू आहे, त्यांच्या नाही! वरून आलेलं सगळं पाणी बर्फाचं, म्हणजे गोडं. आजच्या महासागरात त्याच्या तिपटीहून जास्त गोडं पाणी मिसळलं तर मिठाचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून पाऊण टक्क्याच्या आसपास येतं. सलाइनच्या बाटलीत ०.९ टक्के मीठ असतं. म्हणजे या जगातला समुद्र सलाइनपेक्षाही कमी खारट झाला. शिवाय गोडं पाणी हलकं असल्यामुळे वरच तरंगतं, तेव्हा पृष्ठभागावर मीठ आणखी कमी. आपलं मूत्रपिंड याहून कितीतरी खारट लघवी तयार करू शकतं, त्यामुळे ते पाणी पिऊन माणूस तहानेने मरणार नाही. मचूळ लागेल, तोंड वाकडं होईल, पण भागेल. आपल्याच पृथ्वीवर बाल्टिक समुद्राच्या मोठ्या भागात पाणी एवढंच खारट आहे.

याचा अर्थ काय होतो बघा. चित्रपटात पाण्याला ‘हायड्रो’ म्हणतात, ते मोजून विकलं जातं, त्यावर सौदे होतात. ज्या जगाची गोष्ट सांगताय त्या जगात हा व्यापारच उभा राहत नाही. होडीवरून वाकून बादली भरली की झालं. त्यातून सगळी पृथ्वी समुद्र झाली म्हटल्यावर पाऊस कोसळणार. शिडाचं कापड ताणून पन्हळ करायला कल्ले लागत नाहीत. बर्फाचं गणित चुकलं तर प्रस्तावना चुकते. हे चुकलं की गावाचं अर्थकारण, नायकाची तहान आणि तो पहिला प्रसंग, सगळंच ढासळतं. म्हणून माझ्या यादीत हे पहिलं.

दुसऱ्या नंबरवर बुडालेलं शहर. नायक नायिकेला पाण्यात उतरवायच्या हवेच्या घंटेत बसवून खाली नेतो आणि जुन्या जगाचे अवशेष दाखवतो. दृश्य सुंदर आहे, मला आजही आवडतं. पण पाणी साडेआठ किलोमीटर चढलं असेल तर तिबेटमधल्या ल्हासासारखं ३,६५० मीटरवरचं शहरसुद्धा जवळजवळ पाच किलोमीटर खोल जाईल, सखल भागातल्या शहरांचं तर विचारूच नका. पाच किलोमीटरवर दाब वातावरणाच्या पाचशेपट. घंटा खालून उघडी असेल तर आतली हवा दाबून पाचशेव्या हिश्शावर येईल. बंद असेल तर तिचा चुराडा होईल. १९६०मध्ये ‘त्रिएस्त’ पाणबुडी मरियाना गर्तेत उतरली तेव्हा माणसं बसली होती त्या पोलादी गोळ्याची भिंत जवळपास १३ सेंटीमीटर जाड होती. आणि सूर्यप्रकाश तर हजार मीटरच्या खाली पोचतच नाही.

कल्ल्यांबद्दल दोनच वाक्यं. स्वस्थ बसलेल्या माणसालाही मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन लागतो आणि लिटरभर समुद्राच्या पाण्यात तो जेमतेम पाच-सहा मिलिलिटर असतो, म्हणजे त्या दोन फटींतून मिनिटाला निदान चाळीस-पन्नास लिटर पाणी जायला हवं आणि त्यातला सगळा ऑक्सिजन शोषला जायला हवा. ही मी दुसरी थाप समजून सोडून देतो.

स्मोकर्सच्या जहाजाला सगळे प्रेक्षक हसतात. हे जहाज म्हणजे ‘एक्झॉन वाल्डेझ’, तेच तेलवाहू जहाज जे २४ मार्च १९८९ला अलास्कात खडकावर आपटलं. चित्रपटात शेकडो माणसं त्याच्या पोटात बसून ते वल्ह्यांनी हाकतात. तीनशे मीटर लांबीचं जहाज वल्ह्यांनी? मलाही थट्टाच वाटायची, म्हणून हिशोब केला. इंजिनाची ताकद सुमारे ३१,६५० अश्वशक्ती, वेग सोळा नॉट, म्हणजे ताशी साधारण तीस किलोमीटर. एक माणूस सलग वल्हवताना साधारण १०० वॉट देतो. हजार माणसं बसवली तर एक लाख वॉट, म्हणजे इंजिनाच्या २३६व्या हिश्शाएवढी. पण जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग २३६ पटींनी नाही, फक्त सहा पटींनी कमी होतो. अडीच नॉट! निम्मी ताकद वल्ह्यांत वाया गेली तरी दोन. शांत समुद्रात माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने ते जहाज खरंच सरकेल. बाजूची उंची पाहता वल्ही भयंकर लांब लागतील, पण हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

न चालणारी गोष्ट आहे गंज. उघडं पोलाद समुद्राच्या पाण्यात वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर झिजतं. शेकडो वर्षांत दोन-अडीच सेंटीमीटरच्या पत्र्याचं काय होईल ते सांगायला नको. खरं जहाज तर तेवढंही टिकलं नाही. बऱ्याचदा नाव बदलून ते २०१२मध्ये भंगारात निघालं आणि गुजरातेत अलंगच्या किनाऱ्याला लागलं. अर्थात १९९५मध्ये हे कुणाला कळणार, ती चूक धरायची नाही. टोळीतल्या प्रत्येकाच्या तोंडात सिगारेट आहे ती मात्र धरायची. मूठभर मातीला सोन्याचा भाव असलेल्या जगात तंबाखूची शेती कोण करतंय?

राहिल्या कंटिन्युइटीच्या चुका, म्हणजे एका शॉटमधली गोष्ट पुढच्या शॉटमध्ये बदललेली दिसणं. मला त्यांत फार रस नाही, पण त्या का होतात ते इथे छान दिसतं. चित्रीकरण हवाईच्या किनाऱ्याजवळ खऱ्या समुद्रात झालं. एका लढाईचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी घ्यायचे म्हटलं की समुद्र कुणाचं ऐकत नाही. तरंगत्या गावावरच्या हल्ल्यात माणसांकडे न बघता मागच्या पाण्याकडे बघा: एका कटला निळंशार आणि सपाट, पुढच्या कटला करडं आणि उसळलेलं. नायकाची होडीही एक नव्हती. साधारण अठरा मीटरच्या दोन बांधल्या होत्या, एक रूप पालटणारी आणि एक वेगाने पळवायची. आलटून पालटून वापरल्या की दोरखंड आणि सामान शॉटगणिक जागा बदलणारच. केस कोरडे-ओले होणं तर विचारूच नका.

मित्राला एक गोष्ट आवर्जून सांगा. चित्रपटगृहात लागलेली आवृत्ती सव्वादोन तासांची होती आणि संकलन पुरं होण्याआधीच दिग्दर्शक बाजूला झाला होता. ती जमीन म्हणजे एव्हरेस्ट, हे त्या आवृत्तीत स्पष्ट होतच नाही. टीव्हीसाठीची आवृत्ती सुमारे चाळीस मिनिटांनी मोठी आहे आणि तिच्यात शेवटी तेनसिंग आणि हिलरी यांच्या १९५३च्या चढाईची पाटी सापडते. मधली बरीच ‘हे अचानक कुठून आलं’ छापाची भोकंही तिथे बुजतात. यादी करायचीच असेल तर ती आवृत्ती बघून करायला सांगा.