प्रश्न तुमचे : रामरक्षा म्हणूनही भीती का वाटते?

प्रश्न : माझे वय साठीच्या पुढे आहे. मुलगा नोकरीनिमित्त आखातात असतो. अवेळी फोन वाजला की छातीत धडधड सुरू होते आणि फोन उचलण्याआधीच नाही नाही ते मनात येते. लग्नाआधीपासून रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणते, तरीही ही भीती जात नाही. म्हणजे माझी श्रद्धाच कमी पडते का?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, भीती वाटते म्हणून श्रद्धा कच्ची, हा निष्कर्ष आपण स्वतःच काढलेला आहे, ज्या स्तोत्राचा आपण आधार घेता ते तसे म्हणत नाही. रामरक्षेच्या चौथ्या श्लोकाच्या उत्तरार्धापासून नवव्या श्लोकापर्यंतचा भाग हे कवच आहे. त्यात मस्तकापासून पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका ओळखीच्या स्वाधीन केलेला आहे. कान विश्वामित्रांच्या लाडक्याकडे, कंठ भरताने ज्याला वंदन केले त्याच्याकडे, गुडघे सेतू बांधणाऱ्याकडे, आणि सर्वांत शेवटी पावले ‘बिभीषणश्रीदः’, म्हणजे बिभीषणाला वैभव देणाऱ्या रामाकडे. हा बिभीषण आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात बिभीषण चार सोबत्यांसह लंका सोडून येतो. वानरसेनेवर आकाशातच थांबून तो आपली ओळख सांगतो. सुग्रीवाला तो शत्रूचा हेर वाटतो. हनुमान मात्र त्याच्या बाजूने बोलतो. सगळ्यांचे ऐकून घेतल्यावर राम सांगतो की, एकदा जरी कोणी ‘मी तुझा आहे’ म्हणून शरण आला, तरी त्याला सर्व भूतांपासून अभय देणे हे माझे व्रत आहे. ‘सकृदेव प्रपन्नाय’ हा तो श्लोक शरणागतीचा विषय निघाला की कीर्तनकार हमखास सांगतात. पण त्याच कांडातला पुढचा एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. इंद्रजिताच्या नागबाणांनी राम आणि लक्ष्मण निश्चेष्ट पडतात, तेव्हा त्यांना तशा अवस्थेत पाहून बिभीषण रडू लागतो, ज्यांच्या आधारावर आलो तेच असे पडले, आता सगळे संपले, असा आकांत करतो. प्रत्यक्ष रामाने अभय दिलेला माणूस इतका घाबरतो, तरी त्याला कोणी अविश्वासू ठरवत नाही. उलट, आरंभी त्याच्यावर संशय घेणारा सुग्रीवच त्याला जवळ घेऊन धीर देतो. पुढे निकुंभिलेतील इंद्रजिताचा यज्ञ वेळेत रोखला पाहिजे, हे लक्ष्मणाच्या साथीला उभे राहून सांगणारा हाच बिभीषण आहे.

वैष्णव आचार्यांनी शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत. देव रक्षण करील हा विश्वास हे त्यांतले एक अंग आहे, आणि आपल्या दुबळेपणाची कबुली, ज्याला तिथे ‘कार्पण्य’ म्हटले आहे, हेही त्याच यादीत आहे. तेव्हा ‘रामा, मला फार भीती वाटते आहे’ असे देवापुढे सरळ म्हणण्यात काही उणे नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. मुलाला कधीच काही होणार नाही, अशी हमी रामरक्षा देत नाही, आणि तशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे. तुकोबांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी होती. तरी १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पत्नी अन्न अन्न करीत गेली, पैसा आटला, मान गेला, आणि हे सगळे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले आहे. विठोबाने दुष्काळ टाळला नाही. पण त्या दुष्काळातून बाहेर आलेला माणूस विठोबाचे पाय सोडून गेला नाही. भक्तीकडून मिळते ते या जातीचे बळ आहे.

आता रोजच्या व्यवहाराचे. आपल्यापैकी पुष्कळजण रामरक्षा इतकी पाठ झाल्यामुळे धावत्या गतीने म्हणतात, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत. आपण काही दिवस निदान कवचाचा भाग संथपणे म्हणावा, आणि ज्या अवयवाचे नाव येईल तिथे हात किंवा लक्ष न्यावे. पूजेत अंगन्यास करतात त्याच पद्धतीचे हे आहे. मन पुढच्या कल्पित संकटातून या क्षणीच्या देहात परत येते आणि श्वास आपोआप लांबतो. मुलाशी बोलून ठरावीक वेळी फोन करण्याचेही ठरवून घ्यावे, म्हणजे अवेळी वाजणाऱ्या फोनांतले निम्मे तरी कमी होतील. आणि धडधडीमुळे झोप उडत असेल, दम लागत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात चालढकल करू नये. रामरक्षा आणि रक्तदाबाची गोळी यांचे कुठेही भांडण नाही.

प्रश्न : घरच्या रिवाजाप्रमाणे मी पोथीचे पारायण करते. मध्ये एकदा अडचणीमुळे खंड पडला आणि त्याच आठवड्यात मुलगी तापाने आजारी पडली. ‘पारायण मोडले म्हणून झाले’ असे एका नातेवाइकांनी ऐकवले. तेव्हापासून पोथी उघडतानाच हात थरथरतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे भक्तीच्या नावाखाली जी भीती वाटली जाते, तिचे हे नेहमीचे उदाहरण आहे, आणि ते वाचून मला राग येतो हे लपवत नाही. हीच वृत्ती ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट घडेल’ अशा रूपात मोबाइलवरही फिरत असते. पारायणाला नियम असतात आणि ते पाळण्यात शिस्त आहे, गोडीही आहे. परंतु आजारपणाने किंवा घरातल्या अडचणीने खंड पडला, म्हणून देव एका लहान मुलीला ताप देतो, असे मानणे म्हणजे ज्याच्यापुढे रोज हात जोडायचे त्यालाच सूडबुद्धीचा ठरवणे आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चाळिसावा श्लोक आपण पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. भगवंत कर्मयोगाविषयी सांगतात की, या मार्गात आरंभलेले वाया जात नाही, त्यात उलटा दोष लागत नाही, आणि या धर्माचे थोडेसे आचरणही मोठ्या भयापासून तारते. जिथे थोडे केलेलेही तारते असे आश्वासन आहे, तिथे थोडे राहून गेल्याने शिक्षा होईल ही धास्ती कशासाठी? जिथे खंड पडला त्या अध्यायापासून पुढे वाचायला लागा. मुलगी बरी झाली असेल तर तिला शेजारी बसवा, आणि त्या नातेवाइकांना प्रसादाला अवश्य बोलवा.

प्रश्न : सगळा भार देवावर टाकला असेल, तर आरोग्यविमा काढणे आणि दरवर्षी तपासण्या करणे हा अविश्वास नव्हे काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नव्हे. सागराने वाट द्यावी म्हणून राम तीन रात्री किनाऱ्यावर दर्भ पसरून पडून राहिला. त्यानंतरही सेतू बांधावाच लागला, आणि नलाच्या देखरेखीखाली वानरांनी पाच दिवस दगड आणि झाडे वाहिली. विमा काढावा, त्यातल्या अटी बारीक अक्षरांसह वाचाव्यात, तपासणी वेळेवर करावी. अहवाल काय येतो, तेवढे आपल्या हाती नसते. तो भार खुशाल देवावर टाकावा.