पंखा फिरत असताना हेलिकॉप्टरमध्ये चढायचं, तर डोकं वाकवलं की पुरतं का?

नाही, पुरत नाही.

तुम्ही लिहिलंय की सत्तरीतल्या आई-बाबांना घेऊन गुप्तकाशीहून केदारनाथला हेलिकॉप्टरनं जाणार आहात, तिथे पंखा बंद न करताच माणसं चढवतात, आणि सोसायटीतल्या कोणीतरी ‘वाकून गेलं की झालं’ असं सांगितलंय. वाकायचं तर आहेच. पण वाकून चुकवता येतो तो वरचा पंखा. मला जास्त काळजी वाटते ती मागच्या, शेपटीवरच्या पंख्याची, आणि तिथे वाकून काहीही होत नाही.

मी पुण्यात आणि आसपास हेलिपॅडवर प्रवाशांना चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. लग्नातले नवरदेव, प्रचाराला येणारे पुढारी, कंपन्यांचे साहेब, सगळे असतात. जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस वर बघतो, मान खाली घालतो आणि मग पाय नेतील तिकडे चालायला लागतो. पाय कुठे नेतायत, इकडे त्याचं लक्षच नसतं.

केदारनाथला एच 125 आणि बेल 407 या जातीची छोटी हेलिकॉप्टरं जास्त दिसतात. एच 125 चा वरचा पंखा मिनिटाला साधारण 400 फेरे मारतो, मागचा 2,000 हून जास्त. पाचवर लावलेल्या छताच्या पंख्याच्या आरपार छत दिसतं, तसं मागच्या पंख्याच्या आरपार डोंगर दिसतो. पात्यांवर रंगाचे पट्टे असतात, त्यांचं फिकट वर्तुळ दिसलं तर दिसलं. त्याचा वेगळा आवाज म्हणाल, तर तो इंजिनाच्या आवाजात बुडून जातो. आणि तो फिरतो साधारण माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर.

23 एप्रिल 2023 ला, केदारनाथचं मंदिर उघडायच्या दोन दिवस आधी, तिथल्याच हेलिपॅडवर मागच्या पंख्याच्या तडाख्यानं एक अधिकारी गेले. ते उत्तराखंडच्या नागरी उड्डाण विकास प्राधिकरणाचे होते, म्हणजे याच खात्यातले. अमेरिकेत 1981 मध्ये बोरिस सेगल नावाचे दिग्दर्शक हेलिकॉप्टरमधून उतरून चुकीच्या बाजूला वळले आणि मागच्या पंख्यात सापडून वारले. म्हणून चढण्याइतकीच काळजी उतरताना घ्या. प्रवास संपला की माणूस सैल होतो आणि मोकळी वाट दिसेल तिकडे निघतो.

तेव्हा आई-बाबांना एकच गोष्ट घोकून घ्यायला लावा: पायलटचा चेहरा आपल्याला दिसला पाहिजे, म्हणजे आपण त्याला दिसतो. स्टाफ हात धरून नेईल त्याच बाजूनं जायचं, आणि उतरल्यावरही स्टाफ नेईल तिकडेच, पायलटच्या नजरेसमोरून, बाहेर पडायचं. दारापासून शेपटीच्या दिशेनं एक पाऊलही टाकायचं नाही. दार पलीकडच्या बाजूला असेल तर नाकाला दुरून वळसा घालायचा, शेपटीखालून नाही. सामानाचा कप्पा मागे असेल तर तिकडे स्टाफच जाईल, तुम्ही अजिबात जाऊ नका. काही हेलिकॉप्टरांच्या मागच्या पंख्याला गोल आवरण असतं, पण म्हणून तिथे वेगळं वागायची मुभा घेऊ नका.

आता वरचा पंखा. सपाट जमिनीवर पूर्ण वेगात असेल तर तो उंच माणसाच्याही बराच वर असतो. धोका वाढतो तो वेग कमी असताना, आणि नेमकं तेव्हाच लोकांना वाटतं की आता भीती गेली. वेग असतो तोवर पाती ताणलेली राहतात. वेग उतरला की ती टोकाकडे लोंबतात, वाऱ्याचा झोत आला तर आणखी खाली येतात. इंजिन बंद झाल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहतो. म्हणून तो नुकता सुरू होत असेल किंवा थांबत असेल तेव्हा कोणी सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दुसरी गोष्ट उताराची. जमीन एका बाजूनं चढती असेल तर त्या बाजूला पात्याचं टोक आणि जमीन यांत अंतर कमी उरतं. चढाच्या बाजूनं कधीही जवळ जायचं नाही, उतरून त्या बाजूला जायचं नाही. डोंगरात हे विसरून चालत नाही.

पंखा बंद का करत नाहीत, हेही विचारलंय. फेऱ्या लहान असतात, हवा कधी बिघडेल सांगता येत नाही, आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायचं तर वेळ जातो, इंजिनावरही ताण येतो. ते बेकायदा नाही, पण त्यामुळे प्रवाशाकडून शिस्त लागते.

कपड्यांचं आधीच बघून ठेवा. आईंचा पदर कमरेला घट्ट खोचलेला हवा. त्याहून बरं म्हणजे पंजाबी ड्रेस, आणि ओढणी बॅगेत. माकडटोपी, मफलर, शाल, सगळं काढून हातात नव्हे, बॅगेत. टोपी उडाली की माणूस नकळत तिच्यामागे धावतो, किंवा ती पकडायला हात वर करतो. दोन्ही जिवावर बेतू शकतं. उडालेलं काहीही जाऊ द्यायचं. बाबांकडे काठी असेल तर ती उभी धरायची नाही, आडवी, कमरेच्या खाली. स्टाफकडे दिली तर उत्तमच. कानाचं यंत्र असेल तर त्या गोंगाटात त्याचा उपयोग नाही, म्हणून घरीच खुणा ठरवा: तळहात पुढे केला की थांबायचं, खाली केला की बसायचं. हॉलमध्ये दोनदा करून घ्या. डोळ्यांत धूळ गेली आणि दिसेनासं झालं तर चालायचं थांबून जागेवर खाली बसायचं. आंधळेपणानं टाकलेली चार पावलं कुठे नेतील सांगता येत नाही.

इकडे मावळात, मुळशीत लग्नाला हेलिकॉप्टर आलं की काय होतं ते मी जवळून बघतो. टँकरनं पाणी मारून मैदान भिजवलेलं असतं, तरी धूळ उडतेच. बँड सुरू होतो, फेट्यांचे शेमले उडायला लागतात आणि करवल्या मोबाईल वर धरून चारही बाजूंनी पळत येतात. आम्ही दोरी बांधतो, आणि शेपटीच्या बाजूला, पंख्यापासून लांब, एक माणूस हेलिकॉप्टरकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून उभा ठेवतो. माणसं उतरून लांब जाईपर्यंत त्याचं काम एकच, त्या बाजूनं कोणालाही आत येऊ द्यायचं नाही. कधी कधी यजमान चिडतात, ‘आमचाच कार्यक्रम आणि आम्हालाच अडवता’ म्हणतात. चिडू देत. त्या जागी लहान मूल धावत आलं तर आवाज देऊन उपयोग नसतो, कारण ऐकूच जात नाही. तुमच्याबरोबर नातवंडं असतील तर त्यांचं मनगट धरा, बोट नको. अगदी लहान असेल तर कडेवर छातीशी घ्या. खांद्यावर कधीच नाही.

फोटो कुंपणाबाहेर काढा, हवे तेवढे. आत गेल्यावर फोन खिशात, चेन लावून.

परतीच्या दिवशी जास्त जपा. थंडी असते, रांगेत उभं राहून आई-बाबा दमलेले असतात, ढग येताहेत म्हणून स्टाफही घाई करतो. तुम्ही आईंचा दंड धरा, बाबांना स्टाफकडे द्या, आणि पायलटनं किंवा स्टाफनं खूण केल्याशिवाय कितीही घाई दिसली तरी पाऊल उचलू नका. बसल्यावर पट्ट्याचं टोक दाराबाहेर लोंबत नाही ना बघा, दार आपटू नका, ते स्टाफला लावू द्या. खाली उतरून लांब आल्यावर पिशवी आत राहिल्याचं आठवलं, तर स्टाफला सांगा. परत फिरू नका.