कॉलेजचं स्टोअर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल ऐन रंगात आलं की आमच्याकडे हायड्रोक्लोरिक ॲसिड संपतं. कपाटात मात्र पाच वर्षांपूर्वीच्या, सीलही न तोडलेल्या दुसऱ्याच बाटल्या. इंडेंट, म्हणजे मालाची मागणी-यादी, दरवर्षी वेळेत देतो. मग चुकतं कुठे?
— प्रयोगशाळा सहायक, खानापूर

उत्तर : गेल्या वर्षीच्या यादीवर नवी तारीख घालून इंडेंट जात असणार. त्यामुळे जे कोणी वापरत नाही तेच पुन्हा येतं. इंडेंट प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकावरून काढा. समजा आठवड्याला एक प्रॅक्टिकल, 80 विद्यार्थी, प्रत्येकाला 250 मिली 0.1 नॉर्मल तीव्रतेचं द्रावण, म्हणजे 20 लिटर. बाजारातलं तीव्र ॲसिड साधारण 35 ते 37 टक्क्यांचं असतं. 1 लिटर द्रावणाला ते अंदाजे 8.5 मिली लागतं, 20 लिटरला 170. म्हणजे 500 मिलीच्या बाटलीत दोन प्रॅक्टिकल पार पडतात आणि तिसऱ्याला 10 मिली कमी पडतात. सांडलवंड धरली तर त्याहून जास्त. तुमची धावपळ बहुधा याच तिसऱ्या आठवड्यातली.

आता दिवस मोजा. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, प्राचार्यांची सही, मग माल : याला 5 आठवडे जात असतील तर तेवढ्यात 850 मिली उडतं. सुट्ट्या आणि उशिरासाठी आणखी 2 आठवड्यांचं, 340 मिली, धरा. एकूण जवळजवळ 1200, म्हणजे तीन बाटल्या. रॅकवर मागून तिसऱ्या बाटलीच्या गळ्यात लाल चिठ्ठी अडकवा. ती बाटली फोडायची वेळ आली की त्याच दिवशी कागद हलवायचा. रजिस्टर उघडून बघणाऱ्यापेक्षा ही चिठ्ठी जास्त भरवशाची.

खानापूरच्या पावसात सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे हवेतला ओलावा शोषून ढेकूळ होतात, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यांची ताकदही उतरते. स्वस्त पडतो म्हणून 5 किलोचा डबा घेऊ नका. 500 ग्रॅमचे घ्या, एका वेळी एकच फोडा. उलट डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ग्लेशियल (जवळजवळ शुद्ध) ॲसेटिक ॲसिड बाटलीतच गोठतं. ते 16.6 अंशांना गोठतं, बिघडत नाही. ‘खराब माल’ म्हणून परत पाठवू नका. झाकण जरा सैल करून बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा. बर्नरजवळ नेऊ नका.

प्रश्न : कोल्हापूरच्या विक्रेत्याचा दर बेळगावपेक्षा कमी आहे. राज्य बदलतं म्हणून माल अडकेल का?
— स्टोअर कारकून, निपाणी

उत्तर : कागद नीट असेल तर नाही. कोल्हापूरच्या बिलात आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा जीएसटी) येईल, बेळगावच्या बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा). एकूण कर तेवढाच. कॉलेजला या कराची वजावट मिळत नसेल तर तुलना करसहित, गाडीभाड्यासह, कॉलेजच्या दारातल्या किमतीची करा. करासकट 50,000 रुपयांवर माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, लागतं. 200 किलोमीटरपर्यंत त्याची मुदत एक दिवस. कोल्हापूरहून निघालेला माल वाटेत ट्रान्स्पोर्टच्या गोडाऊनला दुसऱ्या टेम्पोत चढतो, पण ई-वे बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये जुन्याच गाडीचा नंबर राहतो. घोटाळा होतो तो इथं. बिल्टी (ट्रान्स्पोर्टची पावती) हाती येताच नंबर ताडून पाहा.

रेक्टिफाइड स्पिरिटचं (तीव्र अल्कोहोलचं) प्रकरण वेगळं. त्याला अबकारी खात्याचा परवाना लागतो. तो हातात नसताना सीमेपलीकडून एक कॅनही आणू नका.

प्रश्न : सगळी ॲसिडं एकाच कुलूपबंद कपाटात ठेवली आहेत. पुरेसं आहे का?
— वाचक, चिक्कोडी

उत्तर : नाही. नायट्रिक ॲसिड ॲसेटिकच्या आणि स्पिरिटच्या शेजारी नको. एक बाटली झिरपली तरी आग लागू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार शिक्षणसंस्थांनी ॲसिड-वापराचं रजिस्टर ठेवून ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायचं असतं. साठ्याला एक माणूस जबाबदार हवा आणि लॅबबाहेर पडणाऱ्यांची तपासणीही. चिठ्ठ्या कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहा, त्यावर आल्याची व फोडल्याची तारीख घाला. रात्रपाळीचा शिपाई कोणती लिपी वाचतो ते आधी विचारा.