लिस्बनमध्ये दोनच दिवस आहेत. घोडागाड्यांच्या संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा का, की सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात?

द्या. पण तुमची शंका खोटी नाही. मीही बेलेमच्या त्या संग्रहालयात पहिला अर्धा तास फक्त सोनं बघत फिरलो. सोन्याचा मुलामा, लाल मखमल, पंखवाली पोरं, पुन्हा सोनं. चौथ्या गाडीपाशी डोळे विटले, पायही दुखायला लागले म्हणून जरा टेकलो. बसल्यावर नजर आपोआप चाकांच्या उंचीला आली आणि तिथून पुढे मजा सुरू झाली.

गाडी खालून बघायची, एवढंच मला सांगायचंय.

सगळ्यात जुन्या गाडीपासून सुरुवात करा. स्पेनचा राजा तिसरा फिलिप (पोर्तुगालच्या हिशेबात दुसरा) १६१९ मध्ये पोर्तुगालला आला, त्या प्रवासातली ही गाडी. हिला स्प्रिंग नाही. बसायची पेटी चामड्याच्या जाड पट्ट्यांवर नुसती टांगलेली. म्हणजे धक्के थोडे कमी बसणार, पण पाळण्यासारखं डोलणं चालूच. राजालाही गाडी लागत असणार! पुढच्या शतकांतल्या गाड्यांकडे सरकत जा, चामड्याच्या जोडीला पोलादी कमानी येतात. १८०४ मध्ये ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने लंबगोल कमानपाट्यांचं पेटंट घेतलं आणि गाड्या हलक्या, बुटक्या होत गेल्या. ट्रकच्या खाली जे पाटे दिसतात, ते याच कुळातले.

पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान का, हेही तिथेच बसून कळलं. वळताना ती पेटीखाली शिरायला हवीत. चाकावरची लोखंडी धाव तापवून चढवायची, मग पाणी ओतायचं. ती आवळली की आरे आणि तुंबा घट्ट बसतात. बैलगाडीचं चाक बांधताना पाहिलं असेल, तर वेगळं काही सांगायला नको.

सोनं अगदीच सोडू नका म्हणा. १७१६ मध्ये राजा पाचवा जुआंव याने पोप अकरावे क्लेमेंट यांच्याकडे वकिलात पाठवली, तिच्या मिरवणुकीतल्या तीन गाड्या इथे आहेत. त्यातल्या एकीच्या मागच्या बाजूला दोन पुरुष हात मिळवताना कोरलेत. एक अटलांटिक, दुसरा हिंदी महासागर. आफ्रिकेला वळसा घालून आम्ही दोन समुद्र जोडले, ही फुशारकी थेट रोमच्या रस्त्यांवरून फिरवलेली. गोवा माहीत असलेल्या माणसाला ते हस्तांदोलन जरा वेगळंच दिसतं.

इमारतीबद्दल लोक कुरकुर करतात. २०१५ ची नवी इमारत थोडी गोदामासारखी वाटते खरी, पण गाडीभोवती फिरता येतं आणि खाली वाकून बघायचं तर तेच हवं. सोमवारी बंद असतं, तेवढं सांभाळा.

(कोच हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आलाय. रेल्वेचा एसी कोचसुद्धा शेवटी त्याच गावचा.)

एक गाडी मात्र शेवटी बघा. काळपट, साधी, सोनं वगैरे नाही. तो लँडो, म्हणजे पुढचं-मागचं छत दुमडून उघडी करता येणारी गाडी. १ फेब्रुवारी १९०८ ला राजा कार्लोस, राणी अमेलिया आणि दोन्ही राजपुत्र तिच्यातून लिस्बनमध्ये शिरत होते. वातावरण तापलेलं असताना गाडी मुद्दाम उघडी ठेवलेली, आम्ही घाबरत नाही हे दिसावं म्हणून. नदीकाठच्या चौकात गोळ्या सुटल्या. राजा आणि युवराज मारले गेले, धाकटा मनुएल जखमी झाला. राणी उठून उभी राहिली आणि हातातल्या फुलांच्या गुच्छानेच तिने मारेकऱ्याला झोडपलं. ती वाचली.

हे संग्रहालय याच अमेलियाने १९०५ मध्ये, रस्त्यापलीकडच्या राजवाड्याच्या घोड्यांच्या रिंगणात सुरू केलं होतं. जुन्या गाड्या मोडीत जाऊ नयेत म्हणून. तीन वर्षांनी ती स्वतः ज्या गाडीत बसली होती, तीही आता त्यांच्यातच उभी आहे. गोळ्यांची भोकं कुणी बुजवलेली नाहीत.