सांगून कर्ज फिटतं का?

आपल्यावर जे गुदरलं ते दुसऱ्याला सांगून काय साधतं, ही शंका समुपदेशनाला येणाऱ्यांकडून मी सतत ऐकते. कुणी म्हणतं, "उगाच कशाला कुणाच्या डोक्याला ताप?" कुणी म्हणतं, "लोक ऐकून घेतात आणि मागे हसतात." पंचेचाळिशीतल्या एका गृहस्थांनी ती सगळ्यात रोखठोक विचारली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) धंदा बुडालेला, कर्ज झालेलं, आणि बायकोखेरीज कुणाला त्याचा पत्ता नाही. समोर बसले की फोन टेबलावर पालथा ठेवायचे.

"मॅडम, सांगून कर्ज फिटतं का?"

"नाही फिटत. पण ते लपवायला दिवसातला किती वेळ जातो?"

ते थांबले, मग बोटांवर मोजायला लागले. कुणाचा फोन उचलायचा नाही, कुठल्या कार्याला जायचं टाळायचं, भावाला काय थाप मारायची. "सकाळपासून तेच चालू असतं," ते म्हणाले.

मन घट्ट बंद ठेवायलाही शरीर राबत असतं, ही जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची मांडणी मला पटते. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना जास्त उदास वाटलं होतं. हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर माणूस दुसऱ्याच दिवशी वही मिटतो. पुढे ते लेखन तपासल्यावर दिसलं, की जास्त फायदा झालेल्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' असे शब्द वाढत गेले होते. नुसतं ओकून टाकणं वेगळं, प्रसंगाची संगती लागणं वेगळं.

त्या गृहस्थांनीही चार दिवस लिहिलं. त्यानंतर बऱ्याच भेटींनी ते माझ्या समुपदेशनाच्या गटात यायला तयार झाले.

गट सात जणांचा, वेळ दीड तास. एका बैठकीत दोघांनीच बोलायचं, प्रत्येकी दहा मिनिटं. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, "माझं तर याहून वाईट" म्हणायचं नाही. बोलणाऱ्याचं कोणतं वाक्य आपल्याला लागलं आणि का, एवढंच सांगायचं. हा नियम मी कटाक्षाने पाळायला लावते. सल्ला मिळाला की बोलणारा लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो आणि गोष्ट तिथेच तुटते.

गृहस्थ बोलले. धंदा कसा गेला, कोण कसं वागलं. खाली बघून, एका दमात. मग आईचं दीर्घ आजारपण काढणारी एक तरुणी म्हणाली, "काका, फोन वाजला की पोटात गोळा येतो म्हणालात ना, माझ्याही येतो. दवाखान्याचा असेल म्हणून." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. तिचं दुःख निराळं होतं, पोटातला गोळा तोच होता. गटोपचारात काय काय उपयोगी पडतं याची जी यादी अर्विन यालोम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी केली, तिच्यात 'हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही' या जाणिवेला मानाची जागा आहे. ती कशी काम करते ते त्या क्षणी समोर दिसत होतं.

खरं वळण पुढे आलं. तिने सहज विचारलं, "मग या दिवसांत मुलीची फी कोण भरत होतं?"

"मीच. रात्री दुसऱ्यांचे हिशेब लिहून द्यायचो."

"हे तुम्ही सांगितलंच नाहीत."

"त्यात काय सांगायचं?"

सगळं त्या 'त्यात काय'मध्ये अडकलं होतं. माणसाने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टीतूनच उपचार करणारी पद्धत मांडणारे मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे. ते म्हणतात, माणूस स्वतःची एकच गोष्ट इतकी घोटतो की तिच्यात न बसणारे प्रसंग गळून जातात. त्या गृहस्थांची गोष्ट 'मी बुडवलं' अशी होती, म्हणून रात्रीच्या हिशेबांना तिच्यात जागाच नव्हती. आशा त्यांना बाहेरून कुणी दिली नाही. ती त्यांच्याच गोष्टीच्या गाळलेल्या भागात होती. पण तो भाग एकट्याला सापडत नाही, समोर विचारणारं माणूस लागतं. म्हणूनच मी सांगण्याचा इतका आग्रह धरते.

गट नसेल तर एका माणसापासून सुरुवात करा. निवडताना एकच बघा: तो दुसऱ्यांची गुपितं तुमच्याजवळ बोलतो का? बोलत असेल तर तुमचंही दुसरीकडे जाणार. आधी विचारा, "दहा मिनिटं आहेत का? सल्ला नको, फक्त ऐक." पहिल्या वेळी सगळं सांगू नका. भरात सगळं बोलून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी शरमतो आणि त्या मित्रालाच टाळायला लागतो. जे सांगाल त्यात काय झालं याच्या जोडीला मी त्यात काय केलं, कसा तग धरला, हेही येऊ द्या. तेच ते उगाळणं मात्र थांबवा: मैत्रिणी-मैत्रिणींच्या अशा बोलण्यात जवळीक वाढते तशी उदासीही वाढलेली दिसते, हे मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 साली दाखवलं आहे.

आघात ताजा असेल तर कुणालाही बोलतं करायची घाई नको. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. काहींना ते उलट बाधतं. बोलता बोलता श्वास अडकला, हात गार पडले, घटना आत्ताच घडतेय असं वाटलं, तर तिथेच थांबा. पाय जमिनीवर टेकवा, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. हे वारंवार होत असेल, किंवा जीव द्यायचे विचार येत असतील, तर गटाची वाट बघू नका, आजच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

त्या गृहस्थांनी पुढे भावाला सांगितलं. भावाने कर्ज फेडलं नाही, तेवढी त्याची ऐपतही नव्हती. पण सावकाराकडे हप्ते बांधून घ्यायला दोघं मिळून गेले.