डेन्व्हरहून रॉकी माउंटन नॅशनल पार्क एका दिवसात: आई-बाबांसोबत गाइडेड टूर घ्यावी की स्वतः गाडी चालवावी?

आई-बाबा सोबत असतील तर टूर घ्या. पार्कमधून जाणारा ट्रेल रिज रोड हा डोंगरी रस्ता 3,713 मीटरपर्यंत चढतो, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि वरच्या भागात कित्येक ठिकाणी कडेला कठडाच नाही. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हलत नाही, दऱ्या बाकीच्यांनीच बघायच्या! शिवाय उन्हाळ्यात स्वतःच्या गाडीला ठरावीक वेळेचं आगाऊ आरक्षण लागत आलंय. टूरवाले बहुतेक ते स्वतःच बघतात. तरी बुकिंगआधी विचारून घ्या.

हा रस्ता साधारण मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. बर्फ लवकर पडला तर टूर खालूनच परत फिरते.

खरी अडचण विरळ हवेची. माझी आई वर गाडीतून उतरून वीस पावलं चालली आणि "अगं, धाप लागतेय" म्हणत दगडावर टेकली. पाणी पाजलं, खाली उतरल्यावर बरं वाटलं. त्यामुळे विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेऊ नका. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जुलैतही स्वेटर हवाच. दुपारी विजा कडकडतात, म्हणून सकाळी लवकर निघणारी टूर बघा. एल्क (मोठी हरणं) तर पार्कच्या वेशीवरच्या एस्टेस पार्क गावातच रस्त्यावर चरताना दिसतात.