इंजिनची लाईट, एआय आणि मागच्या सीटखालचा आवाज

प्रश्न : नमस्कार दादा, माझी पेट्रोल हॅचबॅक २०१७ची आहे, ८२ हजार किलोमीटर झालेत. महिन्यापूर्वी पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो, एसी चालू, घरचे सगळे गाडीत, आणि मध्येच गाडी झटके मारायला लागली, इंजिनची पिवळी लाईट पेटली. माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ स्कॅनर आहे, तो लावला तर पी०१७१ कोड आला. एआयला विचारलं तर तो म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेला असेल किंवा एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजतो तो) स्प्रे मारून साफ करा. एमएएफ सेन्सर मला दोन तास शोधूनही सापडला नाही. शेवटी ऑक्सिजन सेन्सर बदलला, साडेचार हजार गेले, कोड डिलीट केला आणि आठवड्यात लाईट परत आली. आता एआय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, बघा म्हणतोय. सपाट रस्त्यावर गाडी एकदम मस्त चालते. मी दरवेळी पाचशेचंच पेट्रोल टाकतो, काटा कायम खाली, त्यामुळे अ‍ॅव्हरेज काही सांगता येणार नाही. आई म्हणते मागच्या सीटखालून घूंऽऽ असा आवाज येतो, पण तो वेगळा विषय. तर एआयवर विश्वास ठेवायचा की नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ आईंची आहे आणि नेमकी तीच तुम्ही वेगळा विषय म्हणून बाजूला ठेवलीत. एआयला ती लिहिलीच नसणार. काटा कायम खाली असतो हे पण नसेल लिहिलं. त्याला फक्त कोड मिळाला आणि कोडवरून जेवढं बोलता येतं तेवढं तो बोलला.

पी०१७१चा अर्थ एवढाच की इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. कुठला पार्ट खराब आहे हे त्यात कुठेच नाही. ऑक्सिजन सेन्सर बिचारा सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरात ऑक्सिजन जास्त येतोय हे कळवतो, आणि आपण त्यालाच काढून नवीन बसवला. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलल्यासारखं झालं हे. सेन्सर कधीच खराब होत नाही असं मी म्हणत नाहीये, होतो, पण आधी त्याची टेस्ट घ्यायची असते आणि ती गाडीपाशी उभं राहूनच घेता येते.

एमएएफ सापडला नाही कारण बहुधा तुमच्या गाडीत तो नाहीच. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेचा हिशोब मॅनिफोल्डवरच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांवरच्या) एमएपी म्हणजे प्रेशर सेन्सरवरून होतो. एकाच कोडमागची कारणं गाडीगणिक बदलतात, आणि मॉडेल, साल, इंजिन नीट सांगितलं नाही तर एआय सरसकट उत्तर देतो. सांगूनही चुकू शकतो, आणि चुकीचं उत्तरही तो तेवढ्याच ठामपणे देतो, मला काळजी वाटते ती याचीच.

आता मला काय वाटतं ते सांगतो. सपाटीला मस्त, चढावर लोड आला की झटके, काटा नेहमी खाली, मागून घूं आवाज. बहुतेक पेट्रोल गाड्यांत फ्युएल पंप टाकीतच असतो, मागच्या सीटच्या खाली, आणि टाकीतलं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, सारखी रिझर्व्हवर गाडी चालवली की तो तापतो, तळाचा गाळ जाळीत अडकतो आणि मग चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं तेव्हा प्रेशर पुरत नाही. म्हणून माझा संशय पंपावर किंवा त्याच्या जाळीवर आहे. पण थांबा, मीसुद्धा तुमची गाडी बघितलेली नाही! इथे वाचून पंप विकत घेतलात तर आधीचीच चूक परत होईल. चांगल्या मेकॅनिककडे जा, फ्युएल प्रेशर गेज लावायला सांगा, रेस देऊन आकडा पडतो का बघा आणि तो तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. तो कमी निघाला तरच पंप. बरोबर निघाला तर इंजेक्टर, फटीतून जादा हवा ओढणारे पाइप, सेन्सरच्या आधी लीक असलेला सायलेन्सर असं पुढे जायचं. तोपर्यंत टाकी निदान पाव भरलेली ठेवा.

एक गोष्ट हळहळ वाटावी अशी झाली, तुम्ही कोड डिलीट केलात. कोड येतो त्या क्षणी गाडीचा स्पीड, आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान असं सगळं आत साठवलं जातं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं. लाईट परत आलीये म्हणजे नवीन साठलं असेल, त्याचा आधी स्क्रीनशॉट काढा. अ‍ॅपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम पण दिसतं, म्हणजे गाडी ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवून किंवा कमी करून सोडतेय तो आकडा, ते न्यूट्रलला किती आणि चढावर किती हे शेजारी बसलेल्याला लिहून घ्यायला सांगा. हे आकडे आणि आईंनी ऐकलेल्या आवाजाचं वर्णन एआयला द्या आणि कुठला पार्ट बदलू असं न विचारता कुठली टेस्ट करून घेऊ असं विचारा, तिथे त्याचा खरंच उपयोग होतो, गॅरेजमध्ये नीट प्रश्न विचारता येतात.

आवाज फोनवर रेकॉर्ड करून एआयला ऐकवू म्हणाल, तर ते फारच अवघड आहे. मागे एकानं मला इंजिनची टकटक व्हॉइस नोटवर पाठवली, मी ऐकून टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या आतल्या व्हॉल्व्हपाशी होणारा आवाज म्हणालो, प्रत्यक्षात सायलेन्सरवरचं पत्र्याचं कव्हर सैल निघालं, दोन बोल्टचं काम. फोन आवाज दाबून पाठवतो आणि एकसारखी घरघर पुष्कळदा गोंगाट समजून काढून टाकतो, व्हील बेअरिंगचा आवाज नेमका तसलाच असतो. गाडीत बसलेल्या माणसाला तो पायाखाली जाणवतो, वळणावर कमीजास्त होतो ते कळतं.

प्रश्न : बाबा रत्नागिरीला असतात. आंबा घाटातून उतरताना ब्रेकचं पेडल खाली जातंय म्हणतात, डॅशबोर्डवर लाईट नाही, स्कॅनरवर कोड नाही. व्हिडिओ पाठवला तर एआय सांगेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही ताई, आणि व्हिडिओची वाट बघू पण नका. ही कोडची सिस्टिम मुळात प्रदूषण पकडायला आली, अमेरिकेत १९९६पासून सगळ्या नव्या कारना ती सक्तीची झाली, म्हणून ती इंजिन आणि धुराकडे बघते. एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) कोड असतात पण जुनं ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं तेल, पाइपात अडकलेली हवा, घासलेले पॅड, आतून लीक होणारा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर फ्लुइड ढकलणारा पार्ट) यातलं बरंचसं कुठल्याच सेन्सरला दिसत नाही. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणातल्या दमट हवेत तर अजूनच, मग उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळून वाफ होते आणि पेडल खाली जातं. हे एक कारण झालं, दुसरं काहीही असू शकतं. बाबांना सांगा गाडी आहे तिथेच ठेवा, जवळच्या मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टो करून न्या, आणि फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते आठवून त्याला सांगा.